लॉकआउट

लॉकआउट हा मूळचा इंग्रजी शब्द असून मालकाने आपल्या आस्थापनेतील कामगारांना कामावर येण्यास तात्पुरता अटकाव करणे, हा त्याचा मुख्य अर्थ आहे. मराठीत त्यासाठी टाळेबंदी हा प्रतिशब्द रूढ आहे. संप हे कामगारांचे हत्यार मानले, तर टाळेबंदी हे मालकाचे हत्यार होय. दोन्हींत यंत्रे थांबतात. मात्र काम कोणी व कोणत्या कारणाने थांबवले, यावर त्या कृतीची वैधता आणि बंद काळातील वेतनाचा हक्क अवलंबून असतो.

शब्दाची घडण

‘लॉक’ म्हणजे कुलूप लावणे आणि ‘आउट’ म्हणजे बाहेर. कुलूप लावून बाहेर ठेवणे, असा या जोडशब्दाचा शब्दशः अर्थ होतो. इंग्रजीत क्रियापद म्हणून वापरताना हे दोन शब्द सुटे लिहितात, तर नाम म्हणून वापरताना जोडून किंवा मध्ये संयोगचिन्ह देऊन लिहितात.

मराठीतील टाळेबंदी हा शब्द ‘टाळे’ आणि ‘बंदी’ यांपासून बनला आहे. नाकेबंदी, तटबंदी, जमाबंदी या शब्दांतही ‘बंदी’ हे फारसीतून आलेले उत्तरपद आढळते. हिशेबातील ‘ताळेबंद’ हा शब्द मात्र वेगळा आहे. तो जमाखर्चाच्या ताळ्याशी निगडित असून कुलपाशी त्याचा संबंध नाही.

इतिहास

कामगार-मालक संघर्षाच्या संदर्भात हा शब्द एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास इंग्लंडमध्ये रूढ झाला. प्रेस्टन येथील कापडगिरण्यांच्या मालकांनी ऑक्टोबर १८५३ मध्ये वेतनवाढीच्या मागणीला उत्तर म्हणून गिरण्या बंद केल्या. १८५४ च्या वसंतात कामगारांना वेतनवाढीविनाच कामावर परतावे लागले. आयर्लंडमधील डब्लिन येथे ऑगस्ट १९१३ ते १९१४ चा आरंभ या काळात झालेली टाळेबंदी विशेष प्रसिद्ध आहे. जेम्स लार्किन यांच्या संघटनेचे सदस्यत्व सोडण्याची लेखी हमी न देणाऱ्या कामगारांना मालकांनी कामावरून दूर ठेवले. सुमारे २०,००० कामगार या संघर्षात ओढले गेले.

भारतीय कायद्यातील अर्थ

औद्योगिक विवाद अधिनियम, १९४७ मधील व्याख्येत तीन गोष्टी येतात : कामाची जागा तात्पुरती बंद करणे, काम स्थगित करणे, अथवा कामावर असलेल्या कितीही व्यक्तींना पुढे कामावर ठेवण्यास मालकाने नकार देणे. त्यामुळे दाराला प्रत्यक्ष टाळे लागलेच पाहिजे असे नाही. फाटक उघडे असले, तरी काम देण्यास नकार मिळाल्यास ती टाळेबंदी ठरू शकते.

या अधिनियमानुसार लोकोपयोगी सेवांमध्ये टाळेबंदीपूर्वी सूचना देणे बंधनकारक होते. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायद्यातही १४ दिवसांच्या सूचनेची तरतूद आहे. औद्योगिक संबंध संहिता, २०२० हिने पूर्वसूचनेची अट सर्व औद्योगिक आस्थापनांना लागू केली. ही संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आली. बेकायदेशीर संपाच्या परिणामी जाहीर केलेली टाळेबंदी मात्र बेकायदेशीर मानली जात नाही.

समीपार्थी संज्ञा

संप : कामगारांनी एकमताने काम थांबवणे.

ले-ऑफ : कच्चा माल, वीज किंवा कोळसा यांची टंचाई, यंत्रातील बिघाड अशा कारणांनी मालक तात्पुरते काम देऊ न शकणे. यात पात्र कामगारास मूळ वेतन व महागाई भत्ता यांच्या निम्म्याइतकी भरपाई मिळते.

कारखाना कायमचा बंद करणे : यात केवळ जागा नव्हे, तर व्यवसायच संपुष्टात येतो. टाळेबंदीत व्यवसाय टिकून असतो व वाद मिटल्यावर काम पुन्हा सुरू होणे अपेक्षित असते.

‘गिरणी बंद आहे’ या बोलीतील वाक्यात हे सर्व अर्थ एकत्र मिसळतात. डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली १८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईत सुरू झालेला गिरणी कामगारांचा लढा हा संप होता. त्यानंतर ज्या गिरण्या पुन्हा उघडल्याच नाहीत, त्यांची स्थिती ‘संप’ या शब्दाने सांगता येत नाही. काम थांबवणारा पक्ष कोणता, हे वाक्यातून स्पष्ट झाले नाही, तर जबाबदारीही अस्पष्ट राहते.

लॉकआउट आणि लॉकडाउन

लॉकआउटमध्ये माणसांना बाहेर ठेवले जाते, तर लॉकडाउनमध्ये त्यांना आहे त्या जागीच थांबवले जाते. लॉकडाउन हा शब्द १९७० च्या दशकात अमेरिकी तुरुंगांत कैद्यांना कोठडीत बंद ठेवण्यासाठी वापरात आला. कोविड-१९ च्या साथीमुळे २५ मार्च २०२० पासून भारतभर लॉकडाउन लागू झाला, तेव्हा मराठी वृत्तपत्रांनी त्यासाठीही टाळेबंदी हाच शब्द योजला. त्यामुळे या मराठी शब्दाला परस्परविरुद्ध दिशांचे दोन अर्थ प्राप्त झाले. कामगारविषयक जुने लेखन वाचताना किंवा नवे लेखन करताना संदर्भ पाहूनच अर्थ निश्चित करावा लागतो.

अन्य उपयोग

क्रीडा : खेळाडूंशी करार न झाल्यास संघमालक स्पर्धा रोखून धरतात. उत्तर अमेरिकेतील राष्ट्रीय हॉकी लीगचा २००४-०५ चा संपूर्ण हंगाम अशा लॉकआउटमुळे रद्द झाला.

मद्यविक्री : ऑस्ट्रेलियातील सिडनी शहराच्या काही भागांत २०१४ पासून रात्री दीड वाजल्यानंतर मद्यगृहांत नव्या ग्राहकांना प्रवेश बंद करण्यात आला. आत असलेल्यांना मात्र थांबता येई. हे नियम लॉकआउट कायदे म्हणून ओळखले गेले.

संगणक : चुकीचा पासवर्ड ठरावीक वेळा दिल्यास खाते काही काळ आपोआप बंद होते.

औद्योगिक सुरक्षा : यंत्राची दुरुस्ती चालू असताना कोणी अनवधानाने वीजपुरवठा सुरू करू नये, म्हणून स्विचला कुलूप व सूचनापट्टी लावतात. येथे अटकाव माणसाला नसून ऊर्जेला असतो, आणि कुलपाची किल्ली दुरुस्ती करणाऱ्या कामगाराकडेच राहते.

हे सुद्धा पहा

संप
घेराव
नाकेबंदी
मुंबईतील गिरणी कामगारांचा संप