उद्यानाआधीची वस्ती : व्हँकुव्हरच्या स्टॅन्ली पार्कची कहाणी

महानगराच्या कुशीत जपलेले विस्तीर्ण उद्यान पाहिले, की ही भूमी पूर्वीपासूनच निर्मनुष्य अरण्य होती, असा समज सहज होतो. अनेक ठिकाणी तो चुकीचा असतो. उद्यान आखले जाण्यापूर्वी तेथे माणसे राहत होती आणि उद्यानासाठी त्यांना दूर व्हावे लागले. या माणसांच्या वंशजांना आज उद्यानात कोणते स्थान द्यावे, हा प्रश्न अनेक देशांतील नगर प्रशासनांपुढे उभा आहे. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावरील व्हँकुव्हर शहराचे स्टॅन्ली पार्क हे त्याचे बोलके उदाहरण होय.

गाव ते उद्यान

तीन बाजूंनी समुद्राने वेढलेले हे उद्यान सुमारे ४०५ हेक्टरांवर पसरलेले आहे. मस्कियम, स्क्वामिश आणि त्स्लेल-वातुथ या तीन मूळनिवासी समाजांचा हा वडिलोपार्जित प्रदेश. येथे 'ख्वायख्वाय' नावाचे मोठे गाव होते. लांबलचक लाकडी घरांतून अनेक कुटुंबे एकत्र नांदत. शिंपले, मासे आणि देवदारसदृश 'सीडर' वृक्ष हा त्यांच्या जीवनाचा आधार होता. सीडरच्या खोडापासून होड्या आणि सालीपासून दोर, टोपल्या व वस्त्रे बनत. साल काढल्याच्या खुणा असलेले जुने वृक्ष उद्यानात आजही आढळतात.

व्हँकुव्हर नगरपालिका १८८६ मध्ये स्थापन झाली. लष्करासाठी राखून ठेवलेली ही जमीन उद्यानासाठी मिळावी, अशी मागणी तिने त्याच वर्षी केली आणि २७ सप्टेंबर १८८८ रोजी उद्यान खुले झाले. त्याला तत्कालीन गव्हर्नर जनरल लॉर्ड स्टॅन्ली यांचे नाव देण्यात आले. उद्यानाभोवतीचा रस्ता गावातूनच गेला. पिढ्यान् पिढ्या साचलेल्या शिंपल्यांच्या ढिगाऱ्यांत त्या गावाचा इतिहास होता. तोच खणून रस्त्यावर अंथरण्यात आला. रस्त्याच्या आखणीत आपल्या कुटुंबाच्या घराचा कोपरा तोडला गेल्याची आठवण ऑगस्ट जॅक खाट्सालानो या स्क्वामिश ज्येष्ठाने पुढे नोंदवून ठेवली.

तरीही ब्रॉक्टन पॉइंट येथे काही कुटुंबे टिकून होती. १९२० च्या दशकात प्रशासनाने त्यांना अतिक्रमक ठरवून न्यायालयात खेचले. १९२५ मध्ये कॅनडाच्या सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या विरोधात निर्णय दिला आणि १९३१ पर्यंत बहुतेकांना घरे सोडावी लागली. शेवटचे रहिवासी टिम कमिंग्ज यांचे १९५८ मध्ये निधन झाले.

परक्यांचे स्तंभ

यातील विसंगती अशी, की रहिवाशांवर खटले चालू होते त्याच दशकात पर्यटकांसाठी 'टोटेम पोल' अर्थात कोरीव काष्ठस्तंभ उद्यानात आणले जात होते. ते उत्तरेकडील अन्य मूळनिवासी समाजांचे होते. स्थानिक सॅलिश समाजांत असे सुटे उंच स्तंभ उभारण्याची परंपरा नव्हती. घरांचे कोरीव खांब आणि स्वागतमूर्ती ही त्यांची कला. हे स्तंभ प्रांतातील अतिशय लोकप्रिय आकर्षण ठरले. परंतु ज्यांची भूमी, त्यांची खूण मात्र तेथे नव्हती.

ही उणीव भरून निघण्यास २००८ साल उजाडले. त्या वर्षी मस्कियम शिल्पकार सुझन पॉइंट यांची तीन कोरीव प्रवेशद्वारे ब्रॉक्टन पॉइंट येथे उभी राहिली. २००९ मध्ये स्क्वामिश कलावंत रॉबर्ट येल्टन यांनी कोरलेला स्तंभ त्यांच्या जोडीला आला. तो त्यांच्या मातोश्री रोझ यांच्या स्मरणार्थ आहे. रोझ याच वस्तीत राहिल्या होत्या.

नावापासून निर्णयापर्यंत

कलेला जागा देणे तुलनेने सोपे. नावे बदलणे अवघड. २०१० मध्ये उद्यानाला 'ख्वायख्वाय' हे नाव देण्याची सूचना पुढे आली. केंद्र सरकारने ती नाकारली. उद्यानालगतच्या समुद्रातील सुळक्याचे 'सिवॉश' हे नाव मूळनिवासींना 'रानटी' संबोधणाऱ्या शब्दापासून आलेले आहे. ते बदलण्याबाबत तिन्ही समाजांशी बोलण्याचा ठराव २०१७ मध्ये झाला.

तोवर प्रशासनाची भूमिकाही बदलू लागली होती. शहर ज्या भूमीवर वसले ती मूळनिवासींनी कोणत्याही कराराने सोडून दिलेली नाही, हे नगर परिषदेने जून २०१४ मध्ये औपचारिकपणे मान्य केले. कॅनडाच्या सत्य व सलोखा आयोगाने २०१५ मध्ये ९४ शिफारशी केल्या. त्यांना अनुसरून शहराच्या उद्यान मंडळाने जानेवारी २०१६ मध्ये ११ धोरणे स्वीकारली. २०१८ मध्ये मंडळाने आपल्या वसाहतवादी वारशाची जाहीर कबुली देऊन त्याची छाननी हाती घेतली. जानेवारी २०२२ मध्ये उद्यानांच्या भूमीचे तिन्ही समाजांसह संयुक्त व्यवस्थापन करण्याच्या दिशेने पावले टाकण्याचा ठराव मंजूर झाला.

खरी कसोटी

या प्रवासातून तीन पायऱ्या स्पष्ट दिसतात. पहिली स्मरणाची : फलक, शिल्पे, खऱ्या इतिहासाची नोंद. तेथे मूळनिवासी कलेचे सरसकट प्रदर्शन पुरेसे नसते. त्याच भूमीच्या समाजाला विचारून, त्याच्याच कलावंतांकडून काम करून घ्यावे लागते. दुसरी पायरी नावांची आणि वापराच्या हक्काची : विधी, मेळावे, वनस्पती गोळा करण्याची मुभा. तिसरी निर्णयाधिकाराची : कोणते झाड तोडायचे, रस्ता कोठून न्यायचा, उत्खनन कोठे टाळायचे, हे ठरविण्यात प्रत्यक्ष वाटा.

पहिल्या पायरीला पैसा लागतो, दुसरीला मनाचा मोठेपणा. तिसरीसाठी मात्र प्रशासनाला स्वतःचा अधिकार वाटून घ्यावा लागतो. म्हणूनच तेथे पोहोचायला सर्वाधिक काळ लागतो. १८८८ मध्ये रस्ता आखताना ख्वायख्वायच्या रहिवाशांना कोणी विचारले नव्हते. पुढचा रस्ता आखताना त्यांच्या वंशजांचे मत केवळ ऐकले जाईल की ते बंधनकारक ठरेल, यावर या साऱ्या ठरावांचे मोल ठरणार आहे.