बीडची पोथी आणि माद्रिदचे हस्तलिखित : स्पॅनिशच्या पदव्युत्तर अध्ययनाचा एक मराठी संदर्भ

परकीय भाषेत एम.ए. करण्याचे समर्थन बहुधा व्यवसायाच्या अंगाने केले जाते. स्पॅनिशच्या बाबतीत ते अधिकच सोपे आहे. स्पेनखेरीज मध्य व दक्षिण अमेरिकेतील बहुसंख्य देशांचा कारभार या भाषेत चालतो. त्यामुळे अनुवाद, दुभाषाचे काम, पर्यटन, परराष्ट्रव्यवहार अशी क्षेत्रे तिच्या अभ्यासकाला खुली होतात. हे समर्थन गैर नाही. मात्र त्यात ‘भाषा आणि साहित्य’ या पदवीच्या नावातील दुसऱ्या पदाला काही काम उरत नाही. बीडसारख्या जिल्ह्यातून, मराठीचे संस्कार घेऊन गेलेल्या विद्यार्थ्याने स्पॅनिश साहित्याचे पदव्युत्तर अध्ययन केले, तर मराठी वाङ्मयेतिहासाच्या अभ्यासाला त्यातून काय मिळू शकेल, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. त्याचे उत्तर शोधू लागल्यास विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकापर्यंत मागे जावे लागते, आणि तेथे बीडचाच संबंध येतो.

प्रथम या जिल्ह्याच्या शैक्षणिक भूगोलाचा विचार करावयास हवा. सप्टेंबर १९४८ पर्यंत बीड हा निजामाच्या हैदराबाद संस्थानाचा भाग होता. १९१७ च्या फर्मानाने उस्मानिया विद्यापीठाची योजना झाली आणि उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून उर्दू निश्चित करण्यात आली. त्यासाठी हैदराबादेत स्वतंत्र भाषांतरसंस्था, ‘दारुत्तर्जुमा’, स्थापन झाली. मराठी मातृभाषेच्या विद्यार्थ्याला उच्च विद्येसाठी घर आणि भाषा दोन्ही ओलांडावे लागत. पुढे २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठ सुरू झाले आणि बीडची विद्यामार्गाची दिशा बदलली. त्याच वर्षी हैदराबादेत इंग्रजीच्या अध्यापनासाठी एक केंद्रीय संस्था निघाली. १९७२ मध्ये तिच्या नावात परकीय भाषांचा समावेश झाला व २००७ मध्ये तिला केंद्रीय विद्यापीठाचा दर्जा मिळाला. स्पॅनिशमधील एम.ए. ज्या मोजक्या भारतीय विद्यापीठांत करता येते, त्यांत दिल्लीच्या जवाहरलाल नेहरू विद्यापीठाबरोबर या विद्यापीठाचाही समावेश होतो. म्हणजे स्पॅनिशच्या निमित्ताने बीडच्या विद्यार्थ्याचा मार्ग पुन्हा हैदराबादकडे वळू शकतो. फरक एवढाच, की उस्मानियाच्या काळात दुसरी भाषा माध्यम म्हणून वाट्याला येई. येथे ती अभ्यासविषय म्हणून निवडलेली असते.

आता १९०९ या वर्षाकडे वळू. वि. का. राजवाडे यांनी बीड येथे मिळालेल्या हस्तलिखितावरून ज्ञानेश्वरीची संहिता या वर्षी प्रसिद्ध केली. एकनाथांनी शके १५०६, म्हणजे इ.स. १५८४ मध्ये, ज्ञानेश्वरीचे जे शुद्धीकरण केले, त्याच्या आधीची भाषा या पोथीत टिकून आहे, असे राजवाड्यांचे प्रतिपादन होते. त्यांनी केवळ संहिता छापली नाही. तिच्या आधारे ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरणही सिद्ध केले. जुन्या ग्रंथाची भाषा ही आजच्या भाषेचे अशुद्ध वा ओबडधोबड रूप नसून तिला स्वतःची नियमव्यवस्था असते, हा विचार मराठीत या व्याकरणाने प्रस्थापित केला.

याच सुमारास माद्रिदमध्ये रामोन मेनेन्देस पिदाल हे ‘कान्तार दे मिओ सिद’ या मध्ययुगीन वीरकाव्यावर काम करीत होते. १९०८ ते १९११ या काळात त्यांनी तीन खंडांत या काव्याची संहिता, तिचे व्याकरण आणि तिचा शब्दकोश प्रसिद्ध केला. दोघांना परस्परांच्या कार्याची माहिती असण्याचा संभव नाही. तरी त्यांच्या कार्यपद्धतीतील साम्य उघड आहे. एक प्राचीन ग्रंथ, त्याची एक विशिष्ट प्रत, त्या प्रतीवरून उभारलेले ऐतिहासिक व्याकरण, आणि या सर्वांमागे आपल्या समाजाच्या भूतकाळाविषयीची तीव्र आस्था. स्पेनमध्ये या आस्थेला १८९८ च्या पराभवाची पार्श्वभूमी होती. त्या वर्षी क्यूबा, पोर्तो रिको आणि फिलिपीन्स हातचे गेले होते. राजवाड्यांच्या इतिहासदृष्टीमागे स्वराज्य गमावल्याची वेदना होती. साम्राज्य गमावणे आणि स्वातंत्र्य गमावणे या दोन गोष्टी समान नव्हेत. परंतु राजकीय हानीची भरपाई भाषेच्या प्राचीनतेत शोधण्याची प्रवृत्ती दोन्हीकडे दिसते.

साम्य येथवरच आहे. १९१० मध्ये माद्रिदला ‘सेन्त्रो दे एस्तुदिओस इस्तोरिकोस’ हे इतिहास-अध्ययनकेंद्र निघाले, आणि त्याच वर्षी पुण्यात राजवाड्यांच्या पुढाकाराने भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले. माद्रिदच्या केंद्रास शासनाचे पाठबळ होते. मेनेन्देस पिदाल स्वतः विद्यापीठात प्राध्यापक होते. आमेरिको कास्त्रो, तोमास नाव्हार्रो तोमास, दामासो आलोन्सो, राफाएल लापेसा असे अभ्यासक त्यांच्या परंपरेत तयार झाले, आणि १९१४ पासून केंद्राचे भाषाशास्त्रीय नियतकालिकही निघू लागले. राजवाडे विद्यापीठाबाहेर राहिले. गावोगाव हिंडून त्यांनी कागद आणि पोथ्या जमवल्या. मतभेद झाले की संस्था सोडल्या. ग्रंथांतून त्यांची पद्धती उरली, पण ती शिकवणारा अध्यापनक्रम त्यांच्या हयातीत निर्माण झाला नाही. एकट्या विद्वानाच्या कार्याचे ज्ञानशाखेत रूपांतर होण्यास शिष्य, वर्ग, परीक्षा आणि परस्परांच्या चुका दाखवण्याची संस्थात्मक सोय लागते. पदव्युत्तर अध्ययनाचा खरा अर्थ हा आहे.

हस्तलिखितांचे भवितव्यही या फरकावर प्रकाश टाकते. ‘सिद’ काव्याची एकच मध्ययुगीन प्रत उपलब्ध आहे. तिचे पहिले पान गहाळ आहे. पुसट अक्षरे वाचता यावीत म्हणून अभ्यासकांनी लावलेल्या रसायनांनी काही पाने काळवंडली आहेत आणि त्या दोषात मेनेन्देस पिदाल यांचाही वाटा आहे. परंतु प्रत टिकली. खासगी मालकीतून ती १९६० मध्ये खरेदी होऊन स्पॅनिश राष्ट्राच्या स्वाधीन झाली आणि माद्रिदच्या राष्ट्रीय ग्रंथालयात गेली. त्यामुळे मेनेन्देस पिदाल यांचे प्रत्येक वाचन पुढच्या पिढीला मूळ प्रतीशी ताडून पाहता आले. योगायोगाने १९६० मध्येच शासनाने ज्ञानेश्वरीची जी आवृत्ती प्रकाशित केली, ती राजवाडे संहितेवर आधारलेली होती. परंतु बीडची मूळ पोथी तोपर्यंत अभ्यासकांना उपलब्ध राहिली नव्हती. राजवाड्यांनी वाचले ते पोथीतील होते की त्यांच्या तर्कातील, हा प्रश्न त्यामुळे कायमचा अनिर्णित राहिला. त्यांच्या व्याकरणाची थोरवी यामुळे कमी होत नाही, मात्र त्याची पडताळणी अशक्य झाली.

पडताळणीला एवढे महत्त्व का, हे कालनिर्णयाच्या उदाहरणावरून स्पष्ट होते. ‘सिद’च्या प्रतीच्या अखेरीस पेर आब्बात या नावासह १२४५ हे वर्ष दिले आहे. ते ‘हिस्पॅनिक’ कालगणनेतील आहे आणि ती इसवी सनाच्या ३८ वर्षे पुढे असल्यामुळे त्याचा अर्थ १२०७ असा होतो. या वर्षाच्या अंकांमध्ये मोकळी जागा आहे. तेथील एक अंक खोडला गेला असावा असे मानून मेनेन्देस पिदाल यांनी प्रतीचा काळ १३०७ ठरवला आणि काव्यरचना मात्र सुमारे ११४० इतकी मागे नेली. पुढील अभ्यासकांनी अक्षरवळण, कायद्याची परिभाषा आणि शब्दरूपे तपासून काव्य १२०० च्या आसपास आणले. उपलब्ध प्रत चौदाव्या शतकातील असून तिच्यात आधीच्या प्रतीचे वर्ष उतरवले गेले आहे, असे आता सामान्यतः मानले जाते. गुरूने दिलेली प्राचीनता शिष्यपरंपरेने कमी केली. त्याने काव्याची प्रतिष्ठा घटली नाही.

बीड जिल्ह्यातील अंबाजोगाई हे मुकुंदराजांचे स्थान म्हणून परंपरेने मानले आहे. विवेकसिंधूचा काळ शके १११०, म्हणजे इ.स. ११८८ असा सांगितला जातो, आणि त्यावरून मुकुंदराजांना आद्यकवीचे पद मिळाले आहे. येथेही वर्षाविषयी वाद आहे, ग्रंथातील राजाच्या ओळखीविषयी वाद आहे, आणि ‘अंबानगरी’ म्हणजे मराठवाड्यातील अंबाजोगाई की विदर्भातील आंभोरे, हाही वाद आहे. या वादांत स्थानाभिमानाचा अंश मोठा राहिला आहे. स्पॅनिश पाठचिकित्सेचा इतिहास मुळातून वाचलेल्या विद्यार्थ्याला समाप्तिलेखातील वर्ष हे रचनेचे, लेखनाचे की नकलेचे, असा प्रश्न आपोआप सुचेल. ‘आद्य’ हे विशेषण सिद्ध करण्यापेक्षा प्रतींची वंशावळ ठरवणे अधिक निकडीचे आहे, हे त्याला वेगळे सांगावे लागणार नाही.

आणखी एक मुद्दा मराठवाड्याच्या दृष्टीने महत्त्वाचा आहे. मेनेन्देस पिदाल यांची दृष्टी कास्तीलकेंद्री होती. त्यांचेच शिष्य कास्त्रो यांनी यादवी युद्धानंतर परदेशात राहून १९४८ मध्ये ‘एस्पान्या एन सु इस्तोरिया’ हा ग्रंथ लिहिला आणि ख्रिस्ती, मुस्लिम व ज्यू यांच्या सहजीवनातून स्पॅनिश समाज घडला, असे मांडले. सांचेस-आल्बोर्नोस यांनी १९५६ मध्ये त्याचा सविस्तर प्रतिवाद केला. हा वाद अजूनही पूर्णपणे शमलेला नाही. भाषेत मात्र त्याचे पुरावे विखुरलेले आहेत : नगराध्यक्षाला स्पॅनिशमध्ये ‘अल्काल्दे’ म्हणतात, तो मराठीतील ‘काझी’चा सख्खा भाऊबंद, जकातघराला ‘आदुआना’ म्हणतात, तो ‘दिवाण’चा. राजवाड्यांनी मराठीतील फारसी शब्दांचा विचार केला होता. परंतु बहमनी, निजामशाही, मोगल आणि आसफजाही अशा सत्तांखालून गेलेल्या या प्रदेशाचा वाङ्मयेतिहास त्या सत्ताकाळांना बहुधा केवळ संकटकाळ मानतो. श्रीगोंद्याचे शेख महंमद त्यात अपवाद म्हणून येतात, परंपरा म्हणून येत नाहीत. कास्त्रोंचे मत मान्य करण्याची आवश्यकता नाही. तो वाद ज्या पुराव्यांवर लढला गेला, ते पुरावे कसे हाताळावेत हे शिकण्याची आहे.

मराठीने सेर्व्हान्तेस, लोर्का, नेरूदा, मार्केस हे लेखक मुख्यतः इंग्रजीच्या वाटेने स्वीकारले. इंग्रजीतून ग्रंथ येतात. ग्रंथांभोवतीचे शास्त्र, त्यातील गुरुशिष्यांचे वाद आणि दुरुस्त्या सहसा येत नाहीत. त्यासाठी भाषा यावी लागते, आणि दोन वर्षांच्या पदव्युत्तर शिस्तीचे प्रयोजन तेथे आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. प्राचीनतेला शासकीय मान्यता मिळाल्यावर प्रतींची निगा, त्यांच्या छायाप्रती, चिकित्सक आवृत्त्या आणि ऐतिहासिक व्याकरण ही कामे अधिकच अगत्याची ठरतात. दासोपंतांची कापडावर लिहिलेली पासोडी अंबाजोगाईत आहे. मठांतून आणि घराण्यांतून इतर पोथ्याही आहेत. स्पॅनिशमध्ये एम.ए. झालेला बीडचा विद्यार्थी व्यवसायासाठी कोठेही गेला, तरी या पोथ्या वाचण्याची एक कसोटी त्याच्यापाशी असेल. ती मराठीच्या अभ्यासाला उपलब्ध व्हावी, अशी सोय मराठी विभागांनी करावयास हवी.