रेकॉर्डला हात लावायचा नाही, हे कुणी ठरवलं? डीजेच्या सुईचा इतिहास



एप्रिल आला की आपल्याकडे डीजेवरून वाद पेटतो. एक बाजू म्हणते, डीजेने जयंतीचं वाटोळं केलं. दुसरी बाजू विचारते, गणपतीत चालतो, मग आमच्याच जयंतीत आवाज कसा काय खुपतो? प्रश्न रास्त आहे. पण डीजे म्हणजे टेम्पोवर रचलेली स्पीकरची भिंत, हा अर्थ दोन्ही बाजू धरून चालतात. डीजे हा मुळात माणूस असतो. आणि त्याचं सगळ्यात नाजूक हत्यार म्हणजे टर्नटेबलच्या दांडीला बसवलेली, जेमतेम डोळ्याला दिसणारी सुई. ही सुई कुणी आणि कशी निवडली, हे आपल्या पोरांना ठाऊक असायला हवं. कारण हा ज्ञान घडवण्याचा इतिहास आहे, आणि तो घडवणारे आपल्यासारखेच गावकुसाबाहेर ढकललेले लोक होते.

हा इतिहास न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स भागातला आहे. 1948 ला क्रॉस ब्रॉन्क्स एक्सप्रेसवेचं काम सुरू झालं आणि या महामार्गाने भरवस्त्यांतून आरपार वाट काढली. हजारो कुटुंबं उठवली गेली. ज्यांना जमलं ते निघून गेले. मागे उरले ते बहुतांश गरीब काळे आणि प्वेर्तो रिकन. 1970 च्या दशकात विम्याच्या पैशांसाठी घरमालकांनी इमारतींना आगी लावल्याची प्रकरणं घडली. 1975 ला शहर दिवाळखोरीच्या काठावर आलं, तेव्हा शाळांच्या खर्चाला कात्री लागली आणि संगीत शिक्षणही त्यात सापडलं. वाद्य शिकवणारं कुणी नाही, वाद्य घ्यायला पैसे नाहीत. घरात होता तो रेकॉर्ड प्लेअर.

11 ऑगस्ट 1973 ला 1520 सेजविक अव्हेन्यू या इमारतीत एक पार्टी झाली. शाळेच्या कपड्यांसाठी पैसे उभे करावेत म्हणून सिंडी कॅम्पबेल या मुलीने ती ठेवली होती. गाणी लावत होता तिचा भाऊ क्लाइव्ह, म्हणजेच डीजे कूल हर्क. हे कुटुंब जमैकातून आलेलं. हर्कच्या लक्षात आलं होतं की गाण्यात सगळे थांबून फक्त ढोल-ताल उरतो, तेव्हा पोरं सगळ्यात जास्त नाचतात. मग एकाच रेकॉर्डच्या दोन प्रती दोन टर्नटेबलवर लावून तो तेवढाच तुकडा लांबवू लागला.

हर्क सुई उचलून अंदाजाने ठेवायचा, त्यामुळे ताल तुटायचा. हा दोष काढायला बसला जोसेफ सॅडलर, म्हणजे ग्रँडमास्टर फ्लॅश. बार्बाडोसमध्ये जन्मलेल्या या मुलाची आई शिवणकाम करायची आणि तो स्वतः व्यवसाय शिक्षणाच्या शाळेत इलेक्ट्रॉनिक्स शिकत होता. त्याने सुई उचलणंच बंद केलं. एक रेकॉर्ड वाजत असताना दुसरी रेकॉर्ड बोटांनी मागे फिरवायची आणि नेमक्या जागी आणून सोडायची. त्यासाठी रेकॉर्डवर खुणा केल्या. रेकॉर्डखाली फेल्टची चकती घातली, म्हणजे रेकॉर्ड हाताने धरली तरी खालची तबकडी फिरत राहील. मोटरचा जोर किती लागतो हेही तपासलं.

आणि तिथे सुईने दगा दिला. रेकॉर्ड मागे ओढली की सुई खाचेतून उडायची.

सुईच्या टोकाचे मुख्य प्रकार दोन. एक लंबगोल. तिची संपर्काची कड बारीक असते, त्यामुळे खाचेच्या भिंतींवरचे सूक्ष्म चढउतारही ती वाचते. आवाज स्वच्छ येतो, म्हणून घरी शांत बसून ऐकणाऱ्या शौकिनांची ती लाडकी. दुसरी गोल टोकाची. तिच्या टोकाची त्रिज्या साधारण 18 मायक्रॉन असते. बारीक तपशील तिच्यातून थोडे निसटतात. फ्लॅशने पुढे मुलाखतींतून सांगितलं आहे की त्याने दोन्ही वापरून पाहिल्या. लंबगोल सुईचा आवाज सरस होता, पण रेकॉर्ड मागेपुढे केली की ती टिकत नव्हती. गोल सुईचा आवाज डावा, पण ती खाचेत राहायची. त्याने गोल सुई घेतली.

मित्रांनो, इथे थांबा. बाजारात 'चांगली सुई कोणती' याचं उत्तर आधीच ठरलेलं होतं. ते ठरवलं कुणी? ज्याच्याकडे स्वतंत्र दिवाणखाना आहे, महागडा संच आहे, आणि जो आरामखुर्चीत बसून ऐकतो त्याने. त्याच्या कामासाठी ते उत्तर बरोबरही होतं. पण तेच उत्तर सगळ्यांसाठी 'गुणवत्ता' म्हणून फिरत होतं. फ्लॅशने ना त्या कसोटीपुढे मान झुकवली, ना 'आम्हाला दुय्यमच चालतं' असं म्हटलं. त्याने काम बदललं आणि त्या कामाची कसोटी स्वतः लावली. मेरिटच्या नावाने आपल्याला रोज जे ऐकवलं जातं, ते आठवून पाहा.

दुसरी गोष्ट स्पर्शाची. रेकॉर्डच्या पृष्ठभागाला बोट लावायचं नाही, ही तेव्हाची पक्की शिकवण. त्याला कारण होतं, बोटांचं तेल आणि धूळ खाचेत बसते. याला मी जातीचा नियम म्हणणार नाही, तसं म्हणणं खोटं होईल. पण फ्लॅशने रेकॉर्डवर बोटं ठेवली तेव्हा जुन्या डीजेंनाही तो विटाळ वाटला, आणि 'हात लावू नको' हे शब्द ऐकून महाडचं तळं आठवणार नाही असा आंबेडकरी माणूस विरळा. 1975 च्या सुमारास थिओडोर लिव्हिंगस्टन या बारा-तेरा वर्षांच्या मुलाने तीच रेकॉर्ड बोटांखाली मागेपुढे घासून आवाज काढला. तो स्क्रॅच. आई आवाज कमी कर म्हणून ओरडली, त्याने रेकॉर्ड हाताने थांबवली आणि शोध लागला, असा किस्सा सांगतात. किस्सा खरा आहे, तो थिओडोरच सांगतो. पण सांगणारे 'अपघाताने' या शब्दावर थांबतात. अपघात एका क्षणाचा होता. नंतरचा सराव कुणाचा होता? आपल्या माणसांनी काही शोधलं की तो योगायोग किंवा जुगाड, आणि त्यांनी शोधलं की विज्ञान, ही विभागणी नीट ओळखा.

पुढे कंपन्यांना जाग आली. टेक्निक्सचं एसएल-1200 हे टर्नटेबल 1972 ला घरगुती श्रोत्यांसाठी आलं होतं; 1979 ची एमके-2 आवृत्ती जगभरच्या डीजेंची झाली. शुअरची एम44-7 ही 1960 च्या दशकातल्या मालिकेतली गोल टोकाची सुई स्क्रॅच करणाऱ्यांनी उचलून धरली. ती खाच सोडत नव्हती आणि तिचा सिग्नल 9.5 मिलीव्होल्ट, म्हणजे साध्या घरगुती काट्रिजच्या साधारण दुप्पट होता. 2018 ला शुअरने सुयांचा धंदाच बंद केला, तेव्हा डीजे हळहळले. वस्तूला दुसरा जन्म वापरणाऱ्यांनी दिला होता, पण ती बनवायची की नाही हे मालकाच्या हातात राहिलं. हेही लक्षात ठेवायचं.

कुणाला आज हे शिकायचं असेल तर ठोकताळा सोपा आहे. फक्त मिक्सिंग करायचं, तर लंबगोल सुई चालते आणि आवाजही सरस मिळतो. स्क्रॅच करायचं, तर गोल टोक, ताठ दांडी आणि बहुतेक वेळा 3 ते 5 ग्रॅम भार. नेमका आकडा त्या सुईच्या माहितीपत्रकात पाहा. भार वाढवला की सुई उडत नाही, पण रेकॉर्ड लवकर झिजते. झिजलेली सुई रेकॉर्ड कापते, ती वेळेवर बदला.

बाबासाहेब 1913 ते 1916 कोलंबिया विद्यापीठात शिकले. सेजविक अव्हेन्यू तिथून काही किलोमीटरवर, हार्लेम नदीच्या पलीकडे आहे. 1946 ला त्यांनी द्युबॉइस यांना पत्र लिहिलं, अमेरिकेतल्या काळ्यांनी संयुक्त राष्ट्रांकडे द्यायच्या निवेदनाच्या प्रती मागितल्या. 1972 ला मुंबईत दलित पँथर उभी राहिली, नावच ब्लॅक पँथरवरून घेऊन. त्या लोकांशी आपलं नातं जुनं आहे. मग त्यांच्याकडून फक्त दणदणाट का घ्यायचा?

जयंतीत डीजे हवा की नको, यावर माझं म्हणणं एवढंच आहे. वर्गणीतून एका रात्रीसाठी भिंत भाड्याने आणतो तेव्हा आपण गिऱ्हाईक असतो. त्याच वर्गणीतला थोडा भाग काढून वस्तीतल्या चार मुलामुलींना मिक्सर उघडून दाखवला, ध्वनी म्हणजे काय, भार म्हणजे काय, सुई खाचेत का टिकते हे शिकवलं, तर पुढच्या एप्रिलमध्ये आपल्याकडे चार जाणकार असतील. फ्लॅशकडे पैसा नव्हता, पण इलेक्ट्रॉनिक्सची शाळा होती आणि प्रश्न विचारायची सवय होती. 'शिका' हा शब्द बाबासाहेबांनी फक्त पुस्तकापुरता दिलेला नाही.

जय भीम!