अब्रू आणि प्रकृति

यंत्रांत सांपडून कामगाराचा अंगठा तुटला, तर त्याचा हिशेब कसा करावा, हें आपल्या देशांतील कायद्यानें १९२३ सालींच ठरवून टाकिलें होतें. त्या वर्षींच्या कामगार नुकसानभरपाईच्या कायद्यास एक परिशिष्ट जोडलेलें होतें. कोणता अवयव गेला असतां मिळकतीची शक्ति शेंकडा किती उणी झाली असें समजावें, याचें कोष्टकच त्यांत होतें. हिशेब रुक्ष खरा. पण त्याच्या मागें एक मोठें तत्त्व होतें. कामावर झालेली इजा ही शरीराची इजा आहे, तींत कामगारानें लाजावें असें कांहीं नाहीं, आणि तिची भरपाई धन्यानें केली पाहिजे, हें तें तत्त्व होय. परंतु कामावरील स्त्रीवर यंत्रानें नव्हे, तर माणसानें घाला घातला, तर त्या इजेसाठीं या कोष्टकांत रकाना नव्हता. तिची दाद मागावयाची ती १८६० च्या दंडसंहितेंत.

त्या संहितेंत बलात्काराचें कलम निराळें होतें. त्याखेरीजचा बहुतेक अतिप्रसंग ३५४ व्या कलमांत येई, आणि त्या कलमाचा सारा रोख स्त्रीच्या 'विनया'वर होता. 'विनयभंग' हा शब्द आपल्या तोंडीं इतका रुळला आहे कीं, त्याचा अर्थ आपण तपासून पाहत नाहीं. भंगला तो विनय. झोंप उडाली, अन्नावरची वासना गेली, कामाच्या जागीं पाऊल टाकतांना छातींत धडकी भरूं लागली, याची विचारपूस त्या शब्दांत कोठेंच नाहीं. शिवाय अब्रू ही वस्तु अशी कीं, ती गेल्याचें उघड करणें म्हणजेच ती दुसऱ्यांदा घालविणें, असें लोक मानतात. मोडलेला हात कोणी लपवीत नाहीं. ही इजा मात्र जिला झाली तिनेंच ती झांकावी, अशी रीत पडली.

या रीतीची किंमत केवढी, हें १९७३ सालीं मुंबईस दिसून आलें. कर्नाटकांतील हळदीपूरची अरुणा शानबाग ही २५ वर्षांची परिचारिका परळच्या के. ई. एम. रुग्णालयांत काम करीत होती. प्रयोगासाठीं ठेविलेल्या कुत्र्यांचें अन्न चोरतो म्हणून तिनें तेथील एका सफाई कामगारास हटकलें होतें. २७ नोव्हेंबर रोजीं काम संपवून ती तळघरांत कपडे बदलावयास गेली असतां त्यानें कुत्र्याच्या साखळीनें तिचा गळा आवळला व तिच्यावर लैंगिक अत्याचार केला. मेंदूचा प्राणवायु तुटला. डोळे शाबूत असून दृष्टि गेली, वाचा गेली, पूर्वीचें भान पुन्हां म्हणून आलें नाहीं. आरोपी सांपडला. त्याला सात वर्षांची शिक्षाहि झाली. परंतु ती जबरी चोरीबद्दल व प्राणघातक हल्ल्याबद्दल. लैंगिक अत्याचाराचा आरोप खटल्यांत आलाच नाहीं. तिचा विवाह ठरलेला होता, आणि लोकापवाद नको म्हणून ती गोष्ट दडवून ठेवण्यांत आली, असें सांगतात. हेतु दयेचा असेल. पण त्या दयेनें अब्रू राखिली, आणि प्रकृतीवर झालेला खरा घाव दफ्तराबाहेर ठेविला.

तिच्या सहकारिणींनीं मात्र या गोष्टीकडे निराळ्या दृष्टीनें पाहिलें. त्यांनीं संप केला. तिच्या शुश्रूषेची आणि स्वतःच्या सुरक्षिततेची मागणी एकाच दमांत केली. पुढें महापालिकेनें तिला रुग्णालयांतून हलविण्याचा विचार दोनदां केला, तेव्हां तो त्यांनींच हाणून पाडिला. ७ मार्च २०११ रोजीं सर्वोच्च न्यायालयानें तिच्या जीवितासंबंधींच्या अर्जाचा निकाल दिला. सदतीस वर्षें अंथरुणास खिळलेल्या या देहाला एकदांहि शय्याव्रण झालें नाहीं, याची नोंद त्यांत आहे. १८ मे २०१५ रोजीं न्युमोनियानें तिचा अंत झाला.

कायद्याची भाषा बदलली ती दुसऱ्या एका कामकरी स्त्रीमुळें. राजस्थानांतील भटेरी गांवची भंवरीदेवी ही सरकारच्या महिला विकास कार्यक्रमांत 'साथिन' होती. बालविवाह थांबविण्याचा यत्न करणें हें तिचें कामच होतें. त्या कामाच्या रागानें सप्टेंबर १९९२ मध्यें तिच्यावर सामूहिक अत्याचार झाला. वैद्यकीय तपासणी होण्यासच दोन दिवस लोटले, आणि १९९५ सालीं खालच्या न्यायालयानें आरोपींस बलात्काराच्या आरोपांतून मुक्त केलें. तथापि या प्रकरणानंतर 'विशाखा' या नांवानें कांहीं संस्था सर्वोच्च न्यायालयांत गेल्या, आणि १३ ऑगस्ट १९९७ च्या निकालांत असें वर्तन स्त्रीच्या आरोग्याचा व सुरक्षिततेचा प्रश्न ठरूं शकतें, असें स्पष्ट शब्दांत आलें. २०१३ च्या कायद्यानें तें सूत्र उचललें. भरपाई ठरवितांना मानसिक आघात, हुकलेली बढती, शरीराच्या व मनाच्या उपचारांचा खर्च, हें सर्व विचारांत घ्यावें असें त्यानें सांगितलें. १९२३ च्या कोष्टकांत नसलेला रकाना नव्वद वर्षांनीं पडला.

वैद्यकाची साक्षहि आतां याच बाजूची आहे. २०१९ सालीं अमेरिकेंत ४० ते ६० वर्षें वयाच्या ३०४ स्त्रियांची पाहणी प्रसिद्ध झाली. कामावर लैंगिक छळ सोसलेल्या स्त्रियांत वाढलेला रक्तदाब व बिघडलेली झोंप अधिक आढळली. घटना घडून गेली तरी शरीर ती विसरत नाहीं.

कोणी म्हणेल, प्रकृतीपेक्षां प्रतिष्ठा मोठी. आम्हांस तें मान्य आहे. परंतु प्रतिष्ठा ही स्त्रीची स्वतःची असते. अब्रू लोकांच्या नजरेंत असते. पहिलीचें रक्षण करावयाचें तर दुसरीची भीति सोडावी लागते. ती अजून सुटलेली नाहीं. १ जुलै २०२४ पासून नवी न्याय संहिता आली, तरी तिच्या ७४ व्या कलमांत 'विनय' कायम आहे. आणि २०१३ च्या कायद्यानें मानसिक आघात मान्य केला खरा, पण तक्रारीस मुदत घातली तीन महिन्यांची, फार तर आणखी तिनांची. ज्या आघातानें वाचाच बसते, त्यानें वेळेवर बोलावें, अशी ही अपेक्षा!

के. ई. एम.च्या परिचारिकांनीं बेचाळीस वर्षें ज्या शरीराची सेवा केली, त्याच्याकडे त्यांनीं कलंक म्हणून पाहिलें नाहीं. कामावर जायबंदी झालेली आपली एक भगिनी म्हणून पाहिलें. कायद्याला १९९७ सालीं जें शब्दांत सांगतां आलें, तें त्या १९७३ पासून हातांनीं करीत होत्या.