‘गुड नीट’ : एका बातमीपत्राचा उच्चार

नोव्हेंबर १९४१. महायुद्ध ऐन भरात असताना बीबीसीच्या लंडनहून प्रसारित होणाऱ्या राष्ट्रीय बातमीपत्रात एक अपरिचित स्वर उमटला. निवेदक होता विल्फ्रेड पिकल्स, यॉर्कशायरमधील हॅलिफॅक्स या गिरण्यांच्या गावचा. ‘लास्ट’ हा शब्द तो ‘लॅस्ट’ असा उच्चारी. फरक एवढाच, आपल्याकडील ‘पाणी’ आणि ‘पानी’ यांत असतो तेवढा. तरीही देशभर वादळ उठले.

तोवर बातम्यांना एकच उच्चार मान्य होता. भाषाशास्त्रज्ञ त्यास ‘रिसीव्ह्ड प्रोनन्सिएशन’ म्हणत. तो घडला होता श्रीमंतांच्या निवासी शाळांतून. १९२६ साली बीबीसीने उच्चारांसाठी समितीच नेमली. तिचे पहिले अध्यक्ष राजकवी रॉबर्ट ब्रिजेस, नंतरचे बर्नार्ड शॉ. (शॉ स्वतः डब्लिनचे, हे विशेष!)

मग पिकल्सची निवड का झाली? शत्रू खोटी बातमीपत्रे ऐकवील, या भयाने १९४० पासून निवेदक स्वतःचे नाव सांगू लागले होते. यॉर्कशायरी उच्चारांची नक्कल जर्मनांना साधणार नाही, असे पिकल्सच्या नेमणुकीचे एक कारण सांगितले जाते. शिवाय युद्धसामग्री घडवणारे हात मोठ्या संख्येने उत्तरेकडच्या कामगारांचेच होते. मध्यरात्रीच्या बातम्यांअखेर पिकल्सने उत्तरेकडील श्रोत्यांना ‘गुड नाइट’ऐवजी ‘गुड नीट’ म्हटले, तेव्हा तर वृत्तपत्रांना चर्चेस विषयच मिळाला. तक्रारींची पत्रे आली. काहींना अशा उच्चारातील बातमी खरीच वाटेना. बातमी तीच, शब्दही तेच. विश्वास मात्र स्वरांवर अडला.

पिकल्स लवकरच उत्तरेस परतला. १९४६ मध्ये त्याचा ‘हॅव अ गो’ हा कार्यक्रम सुरू झाला आणि त्याच उच्चारावर कोट्यवधी श्रोते लुब्ध झाले. विनोदाला जो उच्चार गोड, तो अधिकाराला खपत नव्हता.

१९७० साली हॉवर्ड जाइल्स यांनी हा पूर्वग्रह मोजून दाखवला. एकाच व्यक्तीने निरनिराळ्या उच्चारांत वाचलेला एकच उतारा त्यांनी विद्यार्थ्यांना ऐकवला. प्रतिष्ठेत ‘रिसीव्ह्ड’ अग्रस्थानी आला, बर्मिंगहॅमचा उच्चार तळाशी गेला. पुढे पीटर ट्रडगिल यांच्यासह त्यांनी ब्रिटनमधील उच्चार अमेरिकी व कॅनेडियन श्रोत्यांपुढे ठेवले. ब्रिटनमधील वर्गभेद ठाऊक नसलेल्या त्या कानांना हा क्रम ऐकूच आला नाही.