पवईची लॅब ते खारघरचा वॉर्ड: भारताची पहिली कार-टी थेरपी रुग्णांपर्यंत कशी पोहोचली?

लॅबमधल्या बशीत कॅन्सरच्या पेशी मेल्या, म्हणजे औषध सापडलं असं होत नाही. तिथून रुग्णाच्या खाटेपर्यंतचा रस्ता लांबचा असतो. नेक्सकार१९ ही थेरपी त्याच रस्त्याने आली.

कार-टी थेरपी म्हणजे काय?

टी पेशी आपल्या शरीराच्या सैनिक असतात. रुग्णाच्याच रक्तातून त्या वेगळ्या काढतात आणि लॅबमध्ये त्यांच्यात नवं जनुक घालतात. त्यामुळे त्यांना बी पेशींवरची 'सीडी१९' ही खूण ओळखता येते. मग या पेशींची संख्या वाढवून त्या पुन्हा रुग्णाच्या शिरेतून देतात. काही ब्लड कॅन्सर याच बी पेशींचे असतात.

भारतात ती कशी आली?

अमेरिकेत अशी पहिली थेरपी २०१७ मध्ये मंजूर झाली, पण खर्च कोटींच्या घरात. इकडे आयआयटी बॉम्बेत प्रा. राहुल पुरवार यांच्या टीमने देशी थेरपी तयार केली. आधी प्राण्यांवर चाचण्या झाल्या. टाटा मेमोरियलचे डॉक्टरही सोबत होते आणि जून २०२१ मध्ये खारघरच्या अ‍ॅक्ट्रेकमध्ये पहिल्या रुग्णाला ती दिली गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाने मंजुरी दिली.

मग प्रश्न सुटला का?

अर्धाच. चाचण्यांमध्ये सुमारे ७३ टक्के रुग्णांना गुण आला, सगळ्यांना नाही. बाजारात आली तेव्हा किंमत ३० ते ४० लाखांच्या आसपास होती. परदेशापेक्षा कितीतरी स्वस्त, तरी सामान्य घराला न झेपणारी. लॅबपासून वॉर्डापर्यंतचा रस्ता झाला, वॉर्डापासून खिशापर्यंतचा अजून बाकी आहे.