माळवदी दुकान

धाराशिव जिल्ह्यातील जुन्या बाजारपेठांमध्ये आढळणारी, दुकान आणि घर एकत्र असलेली इमारत. तुळजापूर, परंडा, कळंब, उमरगा अशा गावांत तिचे अवशेष दिसतात. भिंती दगड-मातीच्या व जाड, आधाराला लाकडी खांब आणि तुळया, वर फळ्यांवर माती धोपटून केलेले सपाट माळवद. कमी पावसाच्या या प्रदेशात असे छत टिकते आणि आतला गारवा धान्याला, तसाच माणसालाही मानवतो.

रस्त्याच्या बाजूला ओटा, त्यामागे दुकान. दर्शनी भाग लाकडी फळ्यांचा. सकाळी त्या एकेक काढून ठेवल्या, की सगळी रुंदी गिऱ्हाइकासमोर उघडी होते. गादी, गल्ला, तराजू पुढे. कोठार व राहते घर मागे. रोजच्या व्यवहारासाठी इतकी नेमकी रचना क्वचितच सापडते.

1911 मध्ये बार्शी लाइट रेल्वे लातूरपर्यंत पोहोचली आणि तिच्या वाटेवरच्या ढोकी, तडवळे या गावांचा व्यापार रुळांशी जोडला गेला. तुळजापूरची पेठ मात्र भवानीच्या यात्रेवरच चालते: हळद-कुंकू, कवड्यांच्या माळा, परड्या.

30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारी भूकंपात जिल्ह्यातल्या सास्तूर परिसरात हेच जड छत आणि मातीत रचलेल्या दगडी भिंती जीवघेण्या ठरल्या. दोष माळवदाचा एकट्याचा नव्हता. भिंतींना बांधून ठेवणारे काही नव्हते. त्यानंतर सिमेंटचे स्लॅब आणि लोखंडी शटर यांनी माळवदाची आणि फळ्यांची जागा झपाट्याने घेतली. उरलेल्या दुकानांची मोजमापासह नोंद तातडीने व्हायला हवी.